बेस गिटारच्या बॉडीचं लाकूड कसं ओळखायचं? (मदत हवी आहे)

चौथी_तार:
चार तारांचा बेस, रंग काळा. बॉडी ॲशची आहे की अल्डरची, एवढंच हवंय. कंपनीच्या साइटवर या मॉडेलचा मागमूस नाही. जरा लवकर सांगा, शनिवारी रंग काढायला घेतोय.

रंधा:
काळ्या रंगाखालचं लाकूड न बघता कोण सांगणार? नेक (तारांखालची लांब दांडी) बोल्टने बसवलाय की बॉडीतून आरपार गेलाय? वजन किती? पिकअपच्या खाचेचा फोटो? आणि ‘ॲश की अल्डर’ ही दोनच नावं कुठून आली? बासवुड, अगाथिस, पॉप्लर, नाटो, महोगनी, पाउलोनिया, पाइन, सगळ्यांच्या बॉडी बनतात. अपारदर्शक रंग असला की त्यातलं कुठलंही निघू शकतं.

जुना_खर्ज:
आकार फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेससारखा असेल तर अल्डरच. डोळे झाकून.

रंधा:
@जुना_खर्ज, डोळे झाकूनच सांगताय. १९५१ साली प्रिसिजन आला तो ॲशचा. १९५६ च्या सुमारास फेंडरने बहुतेक रंगांसाठी अल्डर घेतलं, ब्लाँडसाठी (फिकट, रेषा दिसणारा रंग) ॲश ठेवलं. २०२० मध्ये ॲशला लागलेली कीड आणि मिसिसिपीचे पूर यांमुळे बहुतेक मॉडेलांतून ॲश कमी केलं. पण हे झालं फेंडरचं. धागाकर्त्यांनी फेंडर म्हटलेलंच नाही, आणि तो आकार कुठल्याही फळीतून कापता येतो.

चौथी_तार:
फेंडर नाही. बोल्टवाला. सगळं मिळून ४ किलो. फोटो चढत नाहीये. खाचा आतून काळ्याच आहेत.

मंद्रसप्तक:
लाकडाच्या मागे कशाला लागताय? पिकअप तारेची हालचाल पकडतो, लाकडाची नाही. फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेढ्याच्या) तारा लावा, पिकअपची उंची नीट करा, आवाज बदलेल.

चौथी_तार:
आवाजाबद्दल विचारलेलंच नाही. रंग काढून आतलं लाकूड दिसेल असं पारदर्शक फिनिश करायचंय.

भुसा:
हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. आता प्रश्नाला अर्थ आला.

आतला काळा थर बहुधा शील्डिंग पेंट (विजेची खरखर अडवणारा रंग) असणार, म्हणून तिथे काही दिसत नाही. नेक बॉडीत बसतो तो खिसा बघा, तो बऱ्याचदा कोरा असतो. तारा पूर्ण सैल करा, मग मागचे चार स्क्रू तिरक्या जोडीने थोडे थोडे सोडा. खिशात कागदाची किंवा लाकडाची पातळ चकती निघाली तर जपून ठेवा, नेकचा कोन तिच्यावर ठरलेला असतो. परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा, जुन्या आट्यात ‘टक्’ करून बसला की मग आवळा. नाहीतर नवे आटे पडतात आणि भोक सैल होतं.

बॉडीत लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेने जातात. म्हणून खिशाची पुलाकडची (तारा बॉडीवर टेकतात त्या ब्रिजकडची) भिंत म्हणजे लाकडाचा आडवा छेद, आणि ओळख पटते ती तिथेच. बाजूच्या भिंतींवरून किंवा तळावरून अंदाज करू नका. नव्या ब्लेडने त्या भिंतीचा नखाएवढा पापुद्रा काढा. राउटरने चेपलेल्या पृष्ठभागावर छिद्रं बुजलेली असतात, ताजा काप हवाच. पाण्याचं बोट फिरवा आणि १० पट भिंगातून बघा.

ॲश: वाढीच्या प्रत्येक वर्तुळात मोठ्या छिद्रांची रांग, भिंगाशिवायही दिसते.
महोगनी, नाटो: छिद्रं मोठी पण सगळीकडे विखुरलेली, रंग लालसर.
अल्डर: छिद्रं बारीक, अधूनमधून जाड किरणरेषा. सपाट बाजूवर त्याच आखूड गडद रेघा दिसतात.
बासवुड: छिद्रं बारीक, रंग फिका साईसारखा, रेषा जवळजवळ नाहीत, नख रुततं.
पॉप्लर: बारीक छिद्रं, हिरवट पट्टे.
छिद्रंच नसतील तर सूचिपर्णी: पाइन किंवा अगाथिस. पाइनमध्ये वर्तुळांच्या गडद कडा आणि राळेच्या नळ्या दिसतात, अगाथिसमध्ये दोन्ही नाहीत.

जुना_खर्ज:
एवढा खटाटोप कशाला? नख रुतलं तर बासवुड, नाही रुतलं तर अल्डर.

भुसा:
पॉप्लर, पाइन आणि पाउलोनियातही नख रुततं. जांका कडकपणा (पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला लागणारा जोर, पाउंडात) बासवुडचा साधारण ४१०, पॉप्लरचा ५४०, रेड अल्डरचा ५९०. एवढा फरक नखाला कळत नाही. आणि पॉलिएस्टरच्या थरावरून नख मारलंत तर लाकडाची नाही, नखाची परीक्षा होईल.

रंधा:
जोडीला घनता काढा. पुरावा नाही, पण निम्मी नावं गळतात. पूल, पिकअप, पॉट (आवाजाची बटणं) सगळं काढून नुसती बॉडी तोला. ग्राफ कागदावर बाह्यरेषा काढून चौकोन मोजा, जाडीने गुणा, खाचा आणि कडांची गोलाई वजा करा. बॉडी पाण्यात बुडवून आकारमान काढायचा सल्ला कुणी देईलच, ऐकू नका, उघड्या खाचांतून पाणी मुरतं.

तळघर:
नेक मेपलचा आहे की महोगनीचा? ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) दुहेरी आहे का? फ्रेट झिजलेत का?

रंधा:
@तळघर, प्रश्न बॉडीचा आहे.

चौथी_तार:
केलं. नुसती बॉडी २.३ किलो. क्षेत्रफळ ११२० चौ. सेंमी, जाडी ४.४. खिसा कोरा निघाला. पिवळसर तपकिरी, तीन तुकडे चिकटवलेले. भिंगातून छिद्रं नाहीत, सगळं एकसारखं. मधेच बारीक गडद ठिपके. म्हणजे अल्डर ना?

भुसा:
नाही. ११२० × ४.४ = ४९२८ घन सेंमी. खाचा आणि गोलाईचे ४०० च्या आसपास वजा केले तर ४५००. २.३ किलोला भागून घनमीटरला साधारण ५१० किलो. ॲश नाही म्हणायला छिद्रांचा अभावच पुरे, घनतेने पाउलोनियाही गेलं (त्याची ३०० च्या आतबाहेर). अल्डरमध्ये बारीक का होईना, छिद्रं आणि किरणरेषा दिसल्या असत्या. छिद्रं नाहीत, गडद वर्तुळं नाहीत, वर ठिपके: अगाथिस. ५१० त्याच्या पट्ट्यात बसतं.

चौथी_तार:
मग अगाथिसवर पारदर्शक फिनिश चांगलं दिसेल?

रंधा:
सरळ स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावलात तर डाग पडतात. आधी मेण काढलेल्या शेलॅकचा (लाखेच्या वार्निशचा) पातळ हात, तो वाळला की ३२० चा पॉलिश पेपर, मग पातळ रंग. छिद्रं नाहीत म्हणून ती बुजवणारा ग्रेन फिलर लागणार नाही, तेवढं काम वाचलं. खरी अडचण तीन तुकड्यांची आहे, एकाचा रंग दुसऱ्याशी जुळेलच असं नाही. काही बॉडींवर तर पुढे-मागे दुसऱ्याच लाकडाचा व्हीनियर (चिकटवलेला पातळ पापुद्रा) असतो. खिशाच्या वरच्या कडेला पातळ वेगळा थर दिसतोय का? दिसला तर जपून घासा, आरपार गेलात की परत फिरता येत नाही.

आणि काळं पॉलिएस्टर रिमूव्हरला फारशी दाद देत नाही. हीट गन हलती ठेवा, थर मऊ झाला की पट्टीने उचला. एका जागी धरलीत तर लाकूड काळं पडतं आणि तुकड्यांचे सांधे उकलतात.

जुना_खर्ज:
महोगनी असतं तर आवाज उबदार आला असता.

मंद्रसप्तक:
उबदार कुणाचा, ॲम्पचा?

चौथी_तार:
थर दिसतोय. अर्धा मिमी असेल, जास्त गोरा. हा कशाचा?

भुसा:
मघाशी खिशाच्या भिंतीवरून कापलात तसाच ताजा काप या थराच्या कडेवर घ्या. आणि शनिवारचं तूर्त थांबवा.

तळघर:
ट्रस रॉडचं राहिलंच.