संग्रहालयातली व्याख्यानं आणि प्रदर्शनं (मुंबई): आईसाठी सुरुवात कुठून करू?

अबोली_डोंबिवली
आई ३४ वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून यंदा निवृत्त झाली. म्हणते, "आता मला विद्यार्थी होऊन पुढच्या बाकावर बसायचंय." मुंबईतल्या संग्रहालयांत कला-इतिहासावर व्याख्यानं होतात, प्रदर्शनं लागतात, एवढं मला माहीत आहे. पण तिला आधी कुठे न्यावं? गुडघे दुखतात, त्यामुळे फार जिने नकोत. इंग्रजी समजतं, पण कुणी भरभर बोललं की धागा सुटतो. शनिवार-रविवार मी सोबत असेन.

सांजवात
भायखळा. फास्टने या, पूर्वेला उतरा, राणीबाग चालत जाण्याएवढी जवळ आहे. तिथलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आटोपशीर आहे, एका सकाळीत नीट बघून होतं. बुधवारी बंद असतं.

जुना_गिरगावकर
सांजवात यांच्याशी सहमत, फक्त आत शिरण्याआधी बाहेरच्या आवारातला दगडी हत्ती आईंना दाखवाच. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तो हाच. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला होता. उचलताना तो खाली पडला आणि फुटला. ते तुकडे राणीबागेत आले आणि पुढे १९१४ मध्ये जोडले गेले. जवळ जाऊन पाहिलंत तर पाठीवर, पायांवर सांधे दिसतात. मी दर वेळी ते सांधे बघत उभा राहतो. पुस्तकातली दोन पानं वाचून जे कळत नाही ते तिथे कळतं.

आत ओतीव लोखंडाचे खांब, वर सोनेरी नक्षी, आणि काचेच्या कपाटांत जुन्या मुंबईतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. कुणाची पगडी कशी, कुणाचा धंदा काय, हे आई तुम्हालाच समजावून सांगतील. संग्रहालय १८७२ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणून उघडलं. त्याच्या उभारणीसाठी झटलेल्या डॉ. भाऊ दाजींचं नाव त्याला १९७५ मध्ये मिळालं.

आता व्याख्यानांबद्दल. माझा अनुभव असा, की नुसतं व्याख्यान ऐकून घरी आलं तर चार दिवसांत विरून जातं. ज्या वस्तूबद्दल ऐकलं ती त्याच दिवशी डोळ्यांनी बघितली तर ती आपली होते. म्हणून शक्यतो ज्याच्या आवारातच व्याख्यान आहे असं संग्रहालय निवडा, आणि त्या दिवशी तेवढं एकच दालन बघा. सगळं संग्रहालय एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका, गुडघ्यांसाठीही ते बरं.

काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात मी हेच करतो. तिथे मीरपूर खासच्या स्तूपातल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती आहेत, साधारण पाचव्या शतकातल्या. सिंधमधल्या मूर्ती मुंबईत कशा, असं आई विचारतील. १९०९-१० मध्ये उत्खनन झालं तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात होता, हे त्याचं उत्तर. मूर्तीपुढे उभं राहून हे ऐकलं की नकाशा डोक्यात पक्का बसतो.

पाटीपुस्तक
वरच्या प्रतिसादात एक भर. लघुचित्रांचं तात्पुरतं प्रदर्शन लागलं असेल तर ते आधी गाठा. कागदावरचे रंग उजेडाने उडतात, म्हणून अशी चित्रं थोडेच दिवस, मंद प्रकाशात मांडतात आणि मग परत आत ठेवतात. दगडी मूर्ती पुढच्या महिन्यातही तिथेच भेटेल. सोबत भिंग न्या, मिशीचा एकेक केस दिसतो.

वास्तुसंग्रहालयासमोरचं एनजीएमए (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) मात्र आईंसाठी जपून. सर कावसजी जहांगीर हॉलच्या आत अर्धवर्तुळाकार मजले आहेत, वर-खाली बरंच होतं. पण तिथे २०१८ मध्ये धुरंधरांचं आणि २०१९ मध्ये प्रभाकर बरव्यांचं मोठं प्रदर्शन लागलं होतं. आपल्या मराठी चित्रकारांचं आयुष्यभराचं काम एकत्र बघायला मिळालं. असं पुन्हा लागलं तर थांबत थांबत का होईना, न्याच. जहांगीर आर्ट गॅलरी शेजारीच, तिथे फुकट आणि निवांत.

सांजवात
टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीची व्याख्यानं फार चांगली असतात, पण समोरच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. दुसरी सोय आहे का, आधी फोन करून विचारा.

आणि वेळेआधी पोचा. मागच्या वर्षी एका सभागृहात (नाव घेत नाही) आम्ही नावनोंदणी करून गेलो होतो. लोकल रखडली, दहा मिनिटं उशीर झाला, दार लावून घेतलं होतं. सासूबाई बाहेर पायरीवर बसून राहिल्या. फार वाईट वाटलं.

भाषेचं म्हणाल तर नोंदणी करतानाच कार्यक्रम कोणत्या भाषेत आहे ते विचारा. मराठी कार्यक्रम कमी असतात. आपण विचारत राहिलो तर वाढतील असं मला मनापासून वाटतं.

अबोली_डोंबिवली
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला हत्तीचं वाचून दाखवलं तर म्हणाली, "घारापुरीचा धडा मी इतकी वर्षं शिकवला, आणि हत्ती राणीबागेत आहे हे मला कुणी सांगितलंच नाही!" या रविवारी हत्ती आणि भाऊ दाजी लाड, बाकी काही नाही. तिने कोरी वही काढून ठेवलीय.

एक विचारायचं राहिलं. मीरपूर खासच्या मूर्तींजवळ बसायला बाक आहे का? तिला उभ्याने लिहिता येत नाही.