डायबेटिस असलेल्या बाबांना घेऊन कोल्हापूर-मालवण-गोवा, खाण्याचं कसं जमवायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आईबाबांना घेऊन पुण्याहून कारने कोल्हापूर, तिथून मालवण आणि शेवटी पणजी असा बेत ठरलाय. राहायची सोय झाली, अडलंय ते खाण्यापाशी. बाबा ६७ वर्षांचे, टाइप २ डायबेटिस बरीच वर्षं, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्या चालू, मागची एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.४ आली, म्हणजे अगदी वाईट नाही पण ढील द्यावी अशीही नाही. आणि माणूस असा की कुठे जायचं म्हटलं की आधी तिथे काय चांगलं मिळतं ते विचारणार! यावेळी मात्र स्वतःच म्हणाले, मी आपला घरून डबा घेतो, तुम्ही जेवा. फार वाईट वाटलं ऐकून. आम्ही मालवणात सुरमई खायची आणि बाबांनी समोर बसून डब्यातली पोळी भाजी, हे मला चालणारच नाही.

मी आत्तापर्यंत जो विचार केलाय तो सांगते, चुकत असेल तर सांगा. माझं म्हणणं असं की साखर वाढवणारं बहुतेक खाणं आपण रस्त्यात आणि हॉटेलच्या नाश्त्यात उगाच खातो, चहाबरोबर बिस्किटं, टोस्ट-जॅम, पॅकेटमधला ज्यूस, कऱ्हाडच्या पुढे उसाचा रस. हे सगळं बंद केलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. मग जे त्या त्या गावातच खायचं त्याला जागा उरते. कोल्हापुरात सुकं मटण आणि तांबडा-पांढरा रस्सा बाबांनी खुशाल खावा, भाकरी एकच, भात नको. पांढऱ्यात नारळाचं दूध आणि काजू-खसखस असते आणि वाट्या परत परत भरून येतात त्यामुळे तिथे हात आवरावा लागेल, बीपीची गोळी नसली तरी मीठही असतंच. मिसळीबरोबर ब्रेडचा एकच स्लाइस. गंगावेशेतल्या दूध कट्ट्यावर जायचं त्यांच्या डोक्यात आहे पण धारोष्ण म्हणजे कच्चं दूध या वयात आणि डायबेटिस असताना नकोच, तिथे मी ऐकणार नाहीये, तापवलेलं मिळालं तर बघू.

मालवणचं मला तितकं कळत नाही. मासे चालतील, बांगडा तर चांगलाच, पण हॉटेलात सगळं रवा लावून तळलेलं येतं आणि ताटात भाताचा डोंगर. कोंबडी-वड्यातली कोंबडी ठीक आहे पण वडे बाबा दोनवर थांबतील का, शंका आहे. सोलकढीत काही ठिकाणी साखर घालतात ना? गोव्यात पोई (तिथला पाव) कोंड्याची म्हणून चांगली समजतात, पण काही ठिकाणी मैद्याचीच करून वरून कोंडा भुरभुरतात असं ऐकलंय, ओळखायची कशी?

सगळ्यात जास्त भीती वेळेची वाटते. ग्लिमेपिराइड घेऊन जेवायला उशीर झाला तर साखर खाली येते, आणि घाटात गाडी अडकली किंवा हॉटेलबाहेर तासभर नंबर लागला तर काय? ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर सोबत असेलच, पण असं घेऊन फिरणाऱ्यांनी दिवसाची आखणी कशी करता ते सांगा.

आणि आईचं वेगळंच. तिला काही आजार नाही पण टॉयलेटच्या भीतीने ती प्रवासात पाणीच पीत नाही, मग दुसऱ्या दिवसापासून पोट साफ नाही, डोकं दुखतं, तोंडाची चवच जाते. कोल्हापूरहून फोंडा घाटाने खाली उतरताना बायकांसाठी जरा स्वच्छ सोय कुठे आहे, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, या एका माहितीवर तिची अर्धी ट्रिप अवलंबून आहे.

--

प्रतिसाद :

ताई, बाबांना डबा मुळीच देऊ नका. मी कुडाळची, माझ्या सासऱ्यांनाही डायबेटिस आहे. आमच्याकडे थाळी मागवली की भात आपोआप येतो, म्हणून थाळी न घेता सुटं मागवा, तव्यावरचा बांगडा (रवा नको म्हणून आधीच सांगायचं, करून देतात), तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं आणि एक भाकरी. भात हवाच असेल तर उकड्या तांदळाचा, मूठभर. मार्चात ओले काजू येतात, त्याची उसळ खाल्ल्याशिवाय जाऊ नका, फक्त त्यादिवशी वडे नकोत. खानावळीत आदल्या दिवशी सांगितलं तर कुळथाची पिठीही करून देतील. सोलकढीत साखर आहे का ते सरळ विचारा, कुणी रागवत नाही. पोई फोडून बघा, आतून पांढरीशुभ्र आणि मऊ असेल तर मैदाच. नाश्त्याला पावाबरोबर अळसांद्याचं तोणाक (चवळीसारख्या कडधान्याची रस्सा भाजी) मिळालं तर तेच घ्या.

रविवारी दुपारी चांगल्या खानावळीत नंबर लागतोच, साडेबाराच्या आत बसा. आणि गोळी कधी घ्यायची, जेवण लांबलं तर काय, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, मनाने बदलू नका. गाडीत भाजलेले शेंगदाणे-फुटाणे ठेवा, पण साखर ७०च्या खाली गेली तर ते कामाचे नाहीत, तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून आणि १५ मिनिटांनी परत तपासायचं. मशीनच्या पट्ट्या बंद गाडीत उन्हात ठेवू नका, खराब होतात. रात्री जेवून खोलीवर जाऊ नका, पंधरावीस मिनिटं किनाऱ्याने चाला, दोघांनाही बरं वाटेल.

आईंसाठी, राधानगरी सोडायच्या आधीच थांबून घ्या, घाट लागला की सोय कमी. पुढे कणकवलीत हायवेवर मोठी हॉटेलं आहेत. तुम्ही मुक्काम मालवणात करताय की तारकर्लीला? त्याप्रमाणे खानावळी सांगते.