मॅकलारेन एफ१ : १०६ गाड्यांचा तक्ता भरताना आकडे जुळत नाहीत

वारजे_व्ही१२

मॅकलारेन एफ१ या नव्वदच्या दशकातल्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या प्रत्येक चासीला (क्रमांक असलेल्या सांगाड्याला) एक ओळ, असा तक्ता आमचा पुण्यातला गट एक्सेलमध्ये करतोय. कोणती चासी वोकिंगच्या कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली, कुठे धावली, लिलावात कितीला गेली, हे सगळं त्यात हवंय. पूर्ण झाला की मोठ्या कागदावर छापून कोथरूडच्या बैठकीत भिंतीवर लावायचा आहे, म्हणून आकडे आधीच तपासून घेतोय.

गाडं अडलंय ते असं. एकूण १०६ हा आकडा सगळीकडे सारखा मिळतो, पण रोड गाड्या कुणी ६४ सांगतं, कुणी सत्तरच्या वर जातं, आणि चासी क्रमांक तर ०७५ पर्यंत दिसतात. दुसरं, १९९५ ची ले मान्स (फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत) जिंकणारी गाडी ‘एलएम’ होती असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, ते बरोबर आहे का? तिसरं, २०२१ च्या लिलावातल्या ०२९ ची किंमत एका ठिकाणी १.८६ कोटी डॉलर, दुसरीकडे २.०४६५ कोटी. कोणती घ्यायची? आणि बैठकीत हमखास विचारलं जाईल म्हणून शेवटचा प्रश्न : ही गाडी कायदेशीररीत्या पुण्यात आणता येईल का?

सदाशिव_६०६४

आधी बेरीज. प्रोटोटाइप ५ (एक्सपी१ ते एक्सपी५), रोड ६४, एलएम (ले मान्सच्या मानार्थ काढलेली आवृत्ती) ५ आणि त्याचा एक प्रोटोटाइप, जीटी (लांब शेपटीची रस्त्यावरची आवृत्ती) २ आणि त्याचा एक प्रोटोटाइप, जीटीआर (शर्यतीची आवृत्ती) २८. झाले १०६. ‘सत्तरच्या वर’ सांगणारे एलएम आणि जीटीही रोड गाड्यांत धरतात. त्या रस्त्यावर चालवायला परवानगी असलेल्या गाड्या आहेत, त्यामुळे तसं धरणं चूक नाही. पण तुमच्या तक्त्यात ‘प्रकार’ हा वेगळा रकाना ठेवा आणि ६४ फक्त मूळ रोड आवृत्तीलाच लावा.

०७५ हा शेवटचा क्रमांक आहे, गाड्यांची संख्या नाही. मालिका सलग नाही. ५४ आणि ५८ हे क्रमांक जीटीला गेलेत, ५६ जीटीच्या प्रोटोटाइपला. म्हणून क्रमांक मोजून संख्या काढायची नाही. जीटीआरची मालिका निराळी आणि ती मात्र स्वच्छ आहे : ०१आर ते ०९आर १९९५ च्या, १०आर ते १८आर १९९६ च्या, १९आर ते २८आर १९९७ च्या लांब शेपटीच्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘जन्माच्या वेळी’ आणि ‘आज’ असे दोन रकाने हवेतच, ते कधीही एकत्र करू नका. कित्येक जीटीआर नंतर रस्त्यासाठी बदलून घेतल्या गेल्या. ०१८ आणि ०७३ या दोन रोड गाड्यांना नंतर एलएमच्या दर्जाचं इंजिन आणि जास्त डाउनफोर्सचं (गाडीला खाली दाबणाऱ्या हवेच्या जोराचं) बॉडीकिट बसवलं गेलं. एकच रकाना ठेवलात तर या दोन्ही एलएममध्ये जाऊन पडतात, पाचाच्या सात एलएम होतात आणि रोड ६२. बहुतेक तक्ते इथेच बिघडतात.

एक्सपी१ आणि एक्सपी२ च्या ओळीही काढू नका. एक्सपी१ १९९३ मध्ये नामिबियातल्या उष्ण हवामानाच्या चाचणीत अपघातात नष्ट झाली, एक्सपी२ क्रॅश टेस्टला वापरली गेली. आज नाहीत, पण १०६ मध्ये आहेत.

लक्ष्मीरोड_लॅप

ले मान्सचा गोंधळ उलट्या बाजूने सोडवा. १७-१८ जून १९९५ ला जिंकली ती ०१आर, म्हणजे जीटीआर. गाडी क्रमांक ५९, उएनो क्लिनिकची गडद गाडी, चालक यानिक दाल्मास, जे. जे. लेहतो आणि मासानोरी सेकिया. २९८ फेऱ्या. दुसरी कुराज सी३४ एका फेरीने मागे. मॅकलारेन पहिल्या, तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या आणि तेराव्या आल्या. उतरल्या होत्या सात, पूर्ण केली पाचांनी, आणि त्या पाचांच्या मानार्थ पाच एलएम बनवल्या. म्हणजे एलएम ही शर्यतीनंतरची गाडी आहे, शर्यतीतली नव्हे. शर्यतीच्या नियमातले हवा अडवणारे रिस्ट्रिक्टर तिला नाहीत, त्यामुळे तिची ताकद ६८० पीएस. जीटीआरची त्याहून कमी. शर्यतीची गाडी रोड गाडीपेक्षा दुबळी कशी, हा प्रश्न बैठकीत येणारच. उत्तर हे रिस्ट्रिक्टर. जीटीआर वेगवान आहे ती वजन, डाउनफोर्स, ब्रेक आणि टायर यांच्या जोरावर.

त्या शर्यतीत तासन्‌तास पाऊस होता, हे टिपणात असू द्या. ओल्या रस्त्यावर पकड कमी, त्यामुळे गिअरबॉक्स आणि क्लचवर येणारा भारही कमी. मूळ रोड गाडीवरून केलेल्या यंत्रणेला चोवीस तास तगायला ही मोठी मदत होती. तरीही हॅरॉड्सची पिवळी-हिरवी ०६आर शेवटच्या तासांत क्लचच्या त्रासाने मागे पडली आणि तिसरी आली.

इतर ओळींसाठी : १९९५ ची बीपीआर ही जीटी गाड्यांची शर्यत मालिका जॉन निल्सन आणि थॉमस बुशर यांनी जिंकली, १९९६ ची रे बेल्म आणि जेम्स वीव्हर यांनी. त्याच १९९६ ला जपानची जीटी मालिका डेव्हिड ब्रॅबहॅम आणि निल्सन यांनी लार्क संघाच्या मॅकलारेनमधून. १९९७ च्या ले मान्सला लांब शेपटीची गाडी एकूण दुसरी आणि जीटी१ वर्गात पहिली. ‘एकूण’ आणि ‘वर्गात’ हे दोन रकाने वेगळे ठेवा, नाहीतर ही ओळ कुणीतरी ‘विजेती’ म्हणून वाचेल.

लांब शेपूट का, तेही एका ओळीत लिहा. पोर्शे ९११ जीटी१ आणि मर्सिडीज सीएलके जीटीआर या मुळात शर्यतीसाठीच घडवलेल्या गाड्या होत्या. त्यांच्यासमोर रस्त्यासाठी आखलेल्या एफ१ला आणखी डाउनफोर्स हवा होता, म्हणून नाक आणि शेपूट दोन्ही लांबवली. ती बॉडी शर्यतीत मान्य व्हावी म्हणून जीटी आवृत्ती काढावी लागली.

नारायणपेठ_लेजर

दोन्ही आकडे खरे आहेत. १.८६ कोटी ही हातोडा पडला तेव्हाची बोली, २.०४६५ कोटी हे खरेदीदाराने भरलेले पैसे. मधला फरक बायर्स प्रीमियमचा (बोलीवर लिलावगृह खरेदीदाराकडून घेतं ती रक्कम) : पहिल्या अडीच लाख डॉलरवर १२ टक्के, वरच्या सगळ्या रकमेवर १० टक्के. १.८६ कोटीचे १० टक्के १८.६ लाख, शिवाय अडीच लाखांवरचे जादा २ टक्के म्हणजे ५ हजार. बेरीज करा, २,०४,६५,००० बरोबर येते. २०१९ ला मॉन्टरेत ०१८ गेली १,९८,०५,००० ला; याच हिशोबाने उलटं गेलात तर बोली नेमकी १.८ कोटी निघते.

त्याआधीचे आकडे सरळ १० टक्क्यांनी सुटतात. २०१३ पेबल बीच, ०६६, ८४.७ लाख डॉलर (बोली ७७ लाख). २०१५ मॉन्टरे, ०७३, १.३७५ कोटी (बोली १.२५ कोटी). २०१७ क्वेल, ०४४, १.५६२ कोटी (बोली १.४२ कोटी). २००८ लंडन, ०६५, २५.३ लाख पौंड. ही ओळ पौंडातच ठेवा. तक्त्यात प्रीमियमसकट आकडा घ्या, पण सगळीकडे तोच घ्या. एका ओळीत बोली आणि दुसऱ्या ओळीत एकूण रक्कम आली की आलेख दहा टक्क्यांनी खोटा होतो.

रुपयांचा रकाना हवा असेल तर सावध राहा. २०१३ ला डॉलर साधारण ६१-६२ रुपये होता, २०२१ ला ७४ च्या आसपास. म्हणजे ०६६ सुमारे ५२ कोटी आणि ०२९ सुमारे १५२ कोटी. रुपयांत जवळपास तिप्पट दिसतं, डॉलरमध्ये सुमारे २.४ पट. उरलेली वाढ रुपयाच्या घसरणीची आहे, गाडीची नव्हे. आलेख डॉलरमध्येच काढा आणि रुपये फक्त कंसात द्या.

शिवाय या ओळी एकमेकींशी थेट तोलता येत नाहीत. ०७३ आणि ०१८ एलएम दर्जाच्या, ०४४ अमेरिकेत कायदेशीर केलेली पहिली, आणि ०२९ अवघी ३९० किलोमीटर चाललेली, सोबत फॅकॉमची हत्यारपेटी, गाडीत बसणारं सामानसुमान आणि चासी क्रमांक कोरलेलं टॅग ह्यूअर घड्याळ. ‘सोबत काय मिळालं’ हा रकाना किमतीच्या शेजारीच ठेवा. बंद दाराआड झालेल्या सौद्यांचे आकडे मात्र मी तक्त्यात घेणार नाही, कितीही ठिकाणी छापलेले असले तरी.

भोसरी_टूलरूम

कमी किलोमीटरवरून आठवलं. सर्व्हिसच्या रकान्यात किलोमीटरसोबत तारीख हवीच, कारण या गाडीचा मोठा खर्च वर्षांवर चालतो. इंधनाची टाकी म्हणजे चालकाच्या मागे, मोनोकॉकच्या (एकसंध सांगाड्याच्या) आत बसवलेली रबराची पिशवी, ९० लिटरची. ती दर पाच वर्षांनी बदलायची असते आणि तिच्यापर्यंत पोचायला इंजिन उतरवावं लागतं. गाडी उभी असली तरी रबर कडक होतं, शिवणीला तडे जातात. त्यामुळे ३९० किलोमीटरची गाडी असली तरी पाच वर्षांचं चक्र चुकत नाही. एखाद्या गाडीच्या कागदांत पिशवी बदलल्याच्या दोन नोंदींत दहा वर्षांचं अंतर दिसलं, तर मधली पाच वर्षं ती कुठे होती ते शोधा. बहुतेकदा मालकी बदललेली असते.

टायरचंही तसंच. पुढे २३५/४५, मागे ३१५/४५, दोन्ही १७ इंची. रबर वयाने कडक होतं, नक्षी शाबूत असली तरी पकड जाते. ०२९ वर कारखान्यातलेच टायर होते. संग्रहासाठी ते मौल्यवान, चालवायला नाहीत.

इंजिन बेमधल्या सोन्याच्या वर्खाची चौकट तक्त्याशेजारी नक्की लावा. ती शोभा नाही. सोनं उष्णतेचे किरण उत्तम परतवतं आणि एक्झॉस्टशेजारच्या कार्बन फायबरमधला राळेचा भाग तापून मऊ पडू नये म्हणून तो वर्ख आहे. ताकदीचा रकाना किलोवॅटमध्ये भरा : ४६१. मग ६२७ पीएस आणि ६१८ बीएचपी (अश्वशक्तीची दोन एककं) एकच आहेत हे आपोआप कळेल आणि ६२७ च्या पुढे चुकून बीएचपी लागणार नाही.

वारजे_व्ही१२

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘जन्माच्या वेळी’ आणि ‘आज’ वेगळे केल्याबरोबर बेरीज १०६ वर बसली. वेगाच्या रकान्यात ३८६ आणि ३९१ असे दोन आकडे आहेत, तेही सांगाल का? आणि पुण्याचा प्रश्न राहिला.

लक्ष्मीरोड_लॅप

३८६.४ लिहा. ३१ मार्च १९९८, एरा-लेसिन (जर्मनीतला चाचणी ट्रॅक), चालक अँडी वॉलेस, गाडी एक्सपी५, दोन्ही दिशांची सरासरी. ३९१ हा एकाच दिशेचा सर्वोच्च वेग आहे. इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा त्या दिवशी वाढवलेली होती, तेवढं तळटीपेत द्या. मालकांना मिळालेल्या गाडीची मर्यादा त्याहून खाली होती.

नारायणपेठ_लेजर

पुण्यात कायमची आणता येत नाही. वापरलेली मोटार आयात करायची तर ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली हवी आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. एफ१ दोन्हीत बसत नाही. चालकाची जागा मधोमध, दोन प्रवासी त्याच्या दोन बाजूंना किंचित मागे. विंटेज नोंदणीचा २०२१ चा नियम पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं मागतो. १९९४ ला नोंदलेली गाडी म्हणजे २०४४. तेव्हाही व्हीए या विंटेज मालिकेचा क्रमांक, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत आणि रोजच्या वापराला मनाई, हे नियम आजच्यासारखेच राहिले तर.

परदेशी मालकाने कार्नेवर (सीमाशुल्क न भरता गाडी तात्पुरती आणायच्या हमीपत्रावर) आणणं हा वेगळा मार्ग. त्यात गाडी ठरलेल्या मुदतीत परत गेलीच पाहिजे, नाहीतर हमी देणाऱ्याकडून सीमाशुल्क वसूल होतं. दीडशे कोटी रुपयांच्या गाडीवरचं शुल्क किती होईल याचा अंदाज घेतला की हमी मिळणं किती अवघड आहे ते कळतं.

सदाशिव_६०६४

छापण्याआधी एक तपासणी. ‘जन्माच्या वेळी’ या रकान्यावर पिव्हट टेबल (एक्सेलमधली गटवार मोजणी) लावा : प्रोटोटाइप, रोड, एलएम, जीटी, जीटीआर या क्रमाने ५, ६४, ६, ३, २८ आलं पाहिजे. मग ‘आज’ वर लावा. तिथे हे आकडे जुळणार नाहीत आणि जुळूही नयेत. जुळले तर कुणीतरी पहिला रकाना दुसऱ्यात नक्कल केलाय, ०१८ ची ओळ उघडून बघा.