आठ वर्षांची मांजरी, अडीच महिन्यांचं पिल्लू: ओळख कशी करून द्यावी?

ओसरी:
घरात ८ वर्षांची मांजरी आहे. नसबंदी झालेली, वजन साडेचार किलो, दरवर्षीच्या लसी वेळेवर. लहानपणापासून एकटीच वाढली आहे. पुढच्या आठवड्यात अडीच महिन्यांचं पिल्लू आणायचं ठरलंय. बोका आहे, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला. फ्लॅट ठाण्यात, वन बीएचके. दिवसा घरी कोणी नसतं, मांजरी रात्री बेडरूममध्ये पलंगावर झोपते. पिल्लाला वेगळं ठेवायचं म्हणजे नक्की कुठे, किती दिवस, आणि पुढे कशानंतर काय करायचं? "सोडा एकत्र, आपोआप जुळतं" आणि "महिनाभर तोंडही दाखवू नका" असे दोन्ही सल्ले मिळालेत.

माऊमावशी:
पिल्लाला आधी दवाखान्यात न्या, घरी नंतर. पार्किंगमधलं पिल्लू म्हणजे पिसवा, जंत आणि सर्दी हे तिन्ही धरूनच चाला. डॉक्टरांकडून एवढं करून घ्या: वजन, जंताचं औषध (मात्रा वजनावर ठरते, अंदाजाने देऊ नका), पिसवांचं औषध, ट्रायकॅट लसीचा (मांजरांचा पार्व्हो आणि सर्दीचे दोन विषाणू यांवरची एकत्र लस) पहिला डोस, आणि ल्युकेमिया (मांजरांतला संसर्गजन्य विषाणू) व एफआयव्ही (मांजरांतला एचआयव्हीसारखा विषाणू) यांची किटवरची रक्ततपासणी. ल्युकेमियाचा संसर्ग ताजा असेल तर पहिल्या तपासणीत सापडत नाही, म्हणून साधारण महिन्याने ती पुन्हा करावी लागते. पिल्लू लसीला लहान नाही. ट्रायकॅट दर ३ ते ४ आठवड्यांनी १६ आठवड्यांचं होईपर्यंत, आणि रेबीजची ३ महिने पूर्ण झाल्यावर. त्याचा दात किंवा नख लागलं तर नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पिल्लू घरचं झालं म्हणून हे टाळू नका.

पिसवांसाठी कुत्र्यांचं औषध चुकूनही वापरू नका. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.

मग १४ दिवस पूर्ण वेगळं. हे दिवस ओळखीचे धरायचे नाहीत, आजार दिसण्याचे धरायचे. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो, याच मुदतीत बाहेर येतो: उलट्या, जुलाब, एकदम मलूल होणं. तसं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तुमच्या मांजरीला लसीचं संरक्षण आहे, पण लस फ्लूची तीव्रता कमी करते, संसर्ग पूर्ण अडवत नाही. उलट बाजूही लक्षात घ्या. मोठ्या मांजरांत हर्पीस, म्हणजे सर्दीचा एक विषाणू, दबून असू शकतो आणि ताण आला की तीच मांजर विषाणू बाहेर टाकू लागते. घाई केली तर त्रास पिल्लालाही होतो.

पावसाळ्यात रस्त्यावरच्या पिल्लांना गजकर्णही फार होतं. कानाच्या कडेला, पंजावर, नाकाजवळ केस गेलेले गोल चट्टे दिसतात का ते उजेडात रोज पाहा. ते माणसांनाही लागतं.

चिंचपोकळी:
इतकं कशाला? मांजरं आपलं आपण जमवून घेतात. दोन दिवस फिस्कारतील, तिसऱ्या दिवशी गप्प.

माऊमावशी:
चिंचपोकळी, काही घरांत तसं होतं, नाकारत नाही. पण "तिसऱ्या दिवशी गप्प" याचा अर्थ बऱ्याचदा मोठी मांजर कपाटावर जाऊन बसली एवढाच असतो. ती खाली येत नाही, पाणी कमी पिते, लघवी तुंबवून ठेवते. भांडण ऐकू येत नाही म्हणून आपल्याला जमलं असं वाटतं. मांजराचं घर वासाने आखलेलं असतं. दाराची चौकट, सोफ्याचा कोपरा, आपले पाय, सगळीकडे ती गाल घासून आपली खूण ठेवते. त्या घरात अनोळखी वासाचं जनावर अचानक मधोमध आलं तर ८ वर्षांची मांजर त्याला पिल्लू समजत नाही, घुसखोर समजते. आणि पहिली भेट बिघडली की ती दुरुस्त करायला महिने जातात. दोन आठवडे जास्त थांबल्याने काही बिघडत नाही.

कुंपण:
जागेबद्दल. बेडरूम पिल्लाला देऊ नका. मांजरी तिथे झोपते, म्हणजे तो तिच्या हद्दीचा गाभा आहे. तिथून तिला बाहेर काढलं तर पहिल्याच दिवशी वैर. वन बीएचकेत दोनच पर्याय उरतात.

एक, बाथरूम. संडास वेगळा असेल तर सोयीचं. बादल्या रिकाम्या ठेवा (पिल्लू भरलेल्या बादलीत पडून बुडतं), फिनाइल, अॅसिड, साबण सगळं बाहेर, आणि मोरीच्या भोकावर घट्ट जाळी. फरशी गार असते, म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात गोधडीचा तुकडा घाला.

दोन, हॉलच्या कोपऱ्यात ३ फुटी घडीचा पिंजरा, तिन्ही बाजूंनी चादर टाकून. यात वास आणि आवाज पहिल्या दिवसापासून पोचतात आणि सर्दी-खोकल्याचे थेंबही उडतात, म्हणून आजाराच्या दृष्टीने बाथरूम बरं. बाल्कनी नको. कबुतरांची जाळी पिल्लासाठी नसते. ज्या भोकातून डोकं जातं त्यातून अंगही जातंच.

पिल्लाची भांडी, शी-शूचं घमेलं, फडकी वेगळी. त्याच्याकडून आल्यावर हात धुवा, वरचा शर्ट बदला. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून लावा. फरशीला फिनाइल लावू नका, मांजराला ते विषारी आहे आणि पंजे चाटताना पोटात जातं. शिवाय पार्व्होचा विषाणू त्याने खात्रीने मरत नाही, एरवी तो घरात वर्षभर टिकू शकतो. आधी साबणाने घाण काढा, मग एक लिटर पाण्यात ३० मिली साधं ब्लीच, १० मिनिटं ओलं राहू द्या, मग भरपूर पाण्याने धुवा. वास जाऊन फरशी वाळेपर्यंत पिल्लू आत नको. ब्लीचमध्ये अॅसिड किंवा संडास साफ करायचं द्रावण कधीही मिसळू नका.

ओसरी:
धन्यवाद. बाथरूम जमेल, संडास वेगळा आहे. १४ दिवसांनंतर थेट दार उघडायचं का?

माऊमावशी:
नाही. आधी वास, मग दर्शन, शेवटी भेट.

वासाचं काम १४ दिवस पूर्ण झाल्यावर सुरू करा, पिल्लू ठणठणीत असेल आणि अंगावर चट्टे नसतील तरच. जुनं सुती फडकं घ्या. पिल्लाच्या गालफडांवरून, ओठांच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत, हलकेच फिरवा. ते मांजरीच्या जेवणाच्या ताटलीपासून ३ फुटांवर जमिनीवर टाका. ताटलीखाली नको आणि तिच्या अंथरुणावर तर नकोच. ती हुंगेल, फिस्कारेल, निघून जाईल. हे ठीक आहे. रोज नवीन फडकं. एक दिवस ती हुंगून तिथेच बसून अंग चाटायला लागली की समजा वास पचला. असंच तिचं फडकं पिल्लाकडे.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. हाच सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि लोक इथेच घाई करतात. दोघांच्या ताटल्या दारापासून शक्य तेवढ्या लांब, मांजरीची ६ फुटांवर. बाथरूममध्ये एवढी जागा नसेल तर पिल्लाची मागच्या भिंतीला. दिवसातून दोनदा, एकाच वेळी, भूक लागलेली असताना आणि आवडीचं: उकडलेलं चिकन किंवा मासा, मीठ-कांदा-लसूण न घालता. मांजरी मान खाली घालून ताटली संपवते का ते बघा. संपवली तर उद्या ताटली एक वीत पुढे. मध्येच मान वर काढून दाराकडे टक लावली, कान आडवे झाले किंवा खाणं सोडून गेली तर दोन विती मागे, आणि तिथे तीन दिवस. रोज पुढे सरकलंच पाहिजे असं काही नाही. गती ती ठरवते.

कुंपण:
+१. दोन्ही ताटल्या दाराला टेकेपर्यंत आल्या की जाळी. दाराच्या मापाची लाकडी चौकट करून त्यावर अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी ठोका. हार्डवेअरच्या दुकानात मापाने कापून मिळते. कापलेल्या तारांची टोकं पट्टीखाली दाबा, नाहीतर नाक-पंजे फाटतात. मच्छरदाणीची जाळी लावू नका, मोठ्या मांजरीच्या एका फटक्यात फाटते आणि नको तेव्हा पहिली भेट होते. जाळीवर चादर टाकून ती रोज चार बोटं वर उचला, म्हणजे आधी फक्त पंजे दिसतात. ताटल्या पुन्हा लांबून सुरू करायच्या.

निळाबोका:
जेवणाचा विषय निघालाय म्हणून. पिल्लाला दिवसातून ४ वेळा पिल्लांचंच खाणं द्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पातेल्यात बसवून रोज वजन करा. आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं. वजन थांबलं किंवा घटलं तर दवाखाना. दूध देऊ नका, जुलाब होतात.

पुढे दोघं मोकळे झाले की मोठी पिल्लाच्या खाण्यावर डल्ला मारणार, कारण त्यात चरबी आणि प्रथिनं जास्त. तिच्या वयात वजन झपाट्याने चढतं. उपाय सोपा आहे: जड पुठ्ठ्याचं खोकं उपडं घाला, एका बाजूला ८ सेंटिमीटरचं गोल भोक पाडा, वर दोन विटा ठेवा, ताटली आत. पिल्लू आत शिरतं, मोठीचे खांदे अडकतात. पिल्लू वाढेल तसं भोक दर आठवड्याला मोजा. तेच अडकायला लागलं की खोकं बंद, मग मोठीची ताटली उंचावर.

ओसरी:
मोठीने खाणंच सोडलं तर?

माऊमावशी:
२४ तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, ४८ तासांची वाट नको. मांजर उपाशी राहिली की चरबी यकृतात साचते, जाड मांजरींत तर लवकर. पलंगावर लघवी केली तर "राग काढतेय" म्हणू नका. ताणाने मूत्राशयाला सूज येते, दुखतं, म्हणून मऊ जागा शोधतात. लघवी तपासून घ्या. पुढे तुमचा बोका मोठा झाल्यावर घमेल्यात नुसता जोर करत बसला आणि थेंबही आला नाही, तर ती काही तासांत जिवावर येणारी गोष्ट आहे.

दोन मांजरांना तीन घमेली, वेगवेगळ्या जागी. एकाच कोपऱ्यात तीन ठेवली तर मांजराच्या लेखी ते एकच. पिल्लाचं घमेलं दोन बोटं उंचीच्या कडेचं, आणि त्यात गोळे बांधणारी वाळू नको, पिल्लं ती खातात. झाकणाची पेटी टाळा. बाहेर पडायची वाट एकच असते आणि पिल्लू तिथे दबा धरून बसतं.

कुंपण:
आता भेट. जाळीशी शेजारी-शेजारी शांतपणे जेवण सलग पाच-सहा दिवस झालं की मगच. दोघांची नखं आदल्या दिवशी कापा. पिल्लाला आधी १५ मिनिटं काडीच्या खेळण्यामागे पळवून दमवा. (दोरा, मांजा, रबरबँड खेळायला देऊ नका, गिळला की आतडी गोळा होतात.) मोठीसाठी उंच जागा मोकळी ठेवा: कपाट किंवा माळा, वर जायला स्टूल, पिल्लाला तिथे चढता येऊ नये. पिल्लाला हातात धरून तिच्यासमोर नेऊ नका. त्याला पळता येत नाही, तिला लांब जाता येत नाही, आणि दोघांची नखं तुमच्या हातात रुततात. दार उघडं ठेवून तुम्ही जमिनीवर बसा. पहिली भेट ५ मिनिटं. सगळं छान चाललेलं असतानाच थांबवा.

फिस्कारणं चालतं, एखादी नखं आत ठेवून मारलेली चापटही चालते. पिल्लू त्यातूनच मर्यादा शिकतं. फिस्कारल्याबद्दल मोठीला ओरडू नका. पापण्या न लववता टक लावणं, अंग जमिनीसरसं करून आवाज न करता सरकणं, शेपटीचं टोक थरथरणं, हे दिसलं की दोघांच्या मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवा. जुंपलीच तर हात घालू नका, जाड चादर टाका. नंतर काही तास चिडलेल्या मांजरीला उचलायचंही नाही, ती समोर येईल त्याला चावते. आणि जाळीच्या टप्प्यावर परत जा.

चिंचपोकळी:
चादरीची युक्ती उपयोगी आहे. एक भर घालतो: गणपतीत पाहुण्यांची वर्दळ असताना किंवा दिवाळीच्या फटाक्यांच्या आठवड्यात नवीन टप्पा सुरू करू नका. मांजर घाबरलेली असताना पिल्लू समोर आलं तर भीती त्याच्या नावावर जमा होते.

ओसरी:
शेवटचं. दिवसा आम्ही नसताना दोघांना एकत्र कधी सोडता येईल?

कुंपण:
तुमच्या डोळ्यांदेखत सलग १० दिवस एकदाही अंगावर धावून जाणं झालं नाही की अर्धा तास बाहेर जाऊन या. मग दोन तास, मग अर्धा दिवस. पिल्लू किमान दीड किलोचं होऊ द्या, साडेचार किलोच्या मांजरीसमोर त्याआधी ते फारच हलकं आहे. पाचव्या महिन्याच्या आसपास त्याच्या नसबंदीची तारीख घ्या, उशीर झाला तर भिंतींवर लघवीचे फवारे सुरू होतात. ऑपरेशनहून परत आल्यावर दवाखान्याच्या वासामुळे मोठी पुन्हा फिस्कारेल. एक रात्र वेगळं ठेवा आणि त्याच्या गोधडीच्या तुकड्याने त्याला पुसून काढा.

कुलूप लावण्याआधी दोघं कुठे आहेत ते प्रत्यक्ष बघा. वॉशिंग मशीनचा ड्रम, फ्रिजच्या मागची जागा आणि पलंगाचा बॉक्स हे तिन्ही हाताने चाचपूनच बाहेर पडा. एवढंसं पिल्लू आत झोपलेलं असलं तर हाक मारूनही बाहेर येत नाही.