200 किलो तांदळाची कोजी : ट्रे वाढवायचे की तळातून हवा द्यायची?

लातूर_सोया विचारतात :
नमस्कार मंडळी. सध्या मिसोसाठी (सोयाबीनची आंबवलेली जपानी पेस्ट) ट्रेवर 20 किलो तांदळाची कोजी, म्हणजे बुरशी वाढवलेला तांदूळ, होते. आता एका घाण्यात 200 किलो करायची आहे. ट्रेच वाढवायचे, की जाळीवर जाड थर करून खालून पंख्याने हवा सोडायची? 15 सेंमीचा थर बिनहवेचा लावून पाहिला. 22व्या तासाला मधला भाग 46 अंशांवर गेला, तळ चिकटला, अमोनियासारखा वास आला. त्याच पेटीत सोयाबीनचं टेंपेही (बुरशीने बांधलेली दाण्यांची वडी) घेता येईल का? पंखा, जाडी, पत्रा यांचे आकडे द्यावेत.

हवापाणी :
ट्रे नकोत. 4 सेंमी थर धरला तर 200 किलोला जवळपास 12 चौरस मीटर जागा लागेल. म्हणजे 45 × 60 सेंमीचे 45 ट्रे, आणि प्रत्येकातली ढेकळं दोनदा हाताने फोडायची.

तुमची अडचण उष्णतेची आहे, म्हणून आधी तिचा हिशोब. तांदळाच्या कोरड्या वजनातला 8 टक्के भाग बुरशी जाळते असं धरा. 200 किलोला तो 14 किलो होतो आणि त्यातून साधारण 60 युनिट उष्णता निघते. यातली बहुतेक 20 ते 36व्या तासांत येते. ऐन जोरात 4 ते 5 किलोवॉट, म्हणजे थराच्या पोटात दोन गिझर चालू असल्यासारखं. भात उष्णता नीट वाहून नेत नाही, त्यामुळे ती फक्त हवेनेच बाहेर काढता येते.

पेटी : 200 किलो तांदूळ वाफवून 270 किलोच्या आसपास भरतो. 20 सेंमी थराला 1.2 × 2 मीटर तळ पुरतो. तळाला 304 स्टीलचा, 2 मिमी छिद्रांचा पत्रा. त्याखाली 30 सेंमी पोकळी, तिचा तळ उतरता आणि एका टोकाला पाणी काढायची तोटी. पंखा ताशी 2000 घनमीटरचा, 100 मिमी पाणीदाबाला टिकणारा, आणि व्हीएफडीवर (वेग कमी-जास्त करणारं यंत्र). दाबाचा आकडा चुकवू नका. बुरशीने जाळं धरल्यावर थर घट्ट होतो आणि साधा एक्झॉस्ट फॅन तिथेच हार मानतो. हवा फिरवून तीच वापरा, ताजी 5-10 टक्के पुरे. आर्द्रता 95 टक्क्यांच्या वर हवी, नाहीतर खालचा थर वाळून बुरशी तिथेच थांबते.

वाफारा :
वरच्या हिशोबाशी सहमत. पण चिकट तळ आणि वास यांचं मूळ भातातही आहे. जास्त ओल आणि 40 च्या वर तापमान म्हणजे बॅसिलस जिवाणूंना आमंत्रणच. वजनावर लक्ष ठेवा : 100 किलो तांदूळ भिजवून, 3 तास निथळून 128-130 किलो, आणि तासभर वाफवल्यावर 135-138. त्याहून जास्त भरला तर निथळणं कमी पडलंय. तांदूळ शिजवायचा नाही, वाफवायचाच. दाणा बाहेरून मोकळा आणि आतून लवचिक हवा. कोलम चालतो, इंद्रायणी चिकट, ढेकळं धरतो.

भात 35 अंशांवर आला की बुरशीचे बीजाणू लावा, थर 30-32 वर ठेवा, पंखा बंद. मधला भाग 34 झाला की पंखा मंद सुरू. 18-20व्या आणि पुन्हा 26-28व्या तासाला ढेकळं फोडायचीच. फोडली नाहीत तर थर आकसून भिंतीपासून सुटतो, सगळी हवा त्या फटीतून पळते आणि मधला भाग तापतो. पीटी-100 (तापमानाचे) सेन्सर थरात वरपासून तळापर्यंत तीन ठिकाणी लावा आणि पंखा त्यातल्या सर्वांत गरम सेन्सरवर चालवा, खोलीच्या तापमानावर कधीच नाही. मिसोला प्रोटीएज (प्रथिनं फोडणारं विकर) हवं, म्हणून 33-36 धरा. 40 च्या आसपास नेलं तर अमायलेज (पिठाची साखर करणारं विकर) वाढतं, ते गोड अमाझाकेला (तांदळाचं जपानी पेय) बरं.

हवापाणी :
हवामानाचं राहिलं. मराठवाड्यात एप्रिल-मेची हवा कोरडी, त्यामुळे कूलरसारख्या ओल्या पॅडमधून नेली की गार आणि दमट दोन्ही मिळते. पावसाळ्यात, आणि कोकणात तर बराच काळ, हा उपाय लंगडा पडतो. तिथे चिलरच्या पाण्याची कॉइल लागतेच. हवेच्या वाटेत आधी कॉइल, मग ओलाव्यासाठी फवारा.

जपानातल्या मोठ्या कारखान्यांत हेच तत्त्व फिरत्या गोल तबकडीवर चालतं. भरणं, ढेकळं फोडणं, काढणं सगळं स्क्रूने होतं. 200 किलोला तो खर्च कशाला? चौकोनी पेटी आणि लाकडी फावडं पुरे.

डाळसाल :
टेंपे या पेटीत नको. कोजी मोडायची असते, टेंपेची वडी मात्र अखंड हवी. मोडली की जाळं पुन्हा तसं बांधत नाही. त्याला 2.5-3 सेंमी जाडीच्या, सेंटिमीटरभर अंतरावर भोकं पाडलेल्या पिशव्या, उघड्या रॅकवर, 30-31 अंशांवर. दोन पिशव्यांत बोटभर फट ठेवा. भोकांभोवती काळं दिसलं तर हवा जास्त झाली. सोयाबीनची सालं काढा, शिजवताना व्हिनेगर घालून सामू 5 च्या खाली आणा आणि दाणे वरून कोरडे करूनच लावा.

आणि कळकळीने सांगतो : मागच्या घाण्यातली हिरवी कोजी बियाणं म्हणून वापरू नका. अफलाटॉक्सिन हे विष तयार करणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशी दिसायला अगदी तशीच असते. दरवेळी खात्रीचे बीजाणू विकत घ्या. पिवळं-हिरवं फुलायच्या आत, 42-45व्या तासाला घाणा काढा, लगेच मीठ मिसळा. बीजाणू लावताना आणि पेटी धुताना एन-95 मास्क. छिद्रांचा पत्रा उचलून बाहेर काढता येईल असाच बसवून घ्या, कारण वास खालच्या पोकळीत साचलेल्या पाण्यातूनच पुन्हा सुरू होतो.