गिट स्टेटसचं आऊटपुट आवळायचं कसं? एआय असिस्टंटचा कॉन्टेक्स्ट भरतोय

यार्डातला_कोडवाला (सांगली)
मदत हवी आहे. टर्मिनलमध्ये एआय कोडिंग असिस्टंट वापरतोय. जरा काही बदललं की तो गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) स्टेटस मारतो, म्हणजे कुठल्या फाईली बदलल्या ते बघतो, मग डिफ, म्हणजे त्यात नेमकं काय बदललं ते, मग परत स्टेटस. आऊटपुट एवढं लांबडं येतंय की दोन-तीन कामांत कॉन्टेक्स्ट (तो एका वेळी ध्यानात ठेवू शकतो तेवढा मजकूर) भरतो आणि साहेब सकाळी काय ठरलं तेच विसरतात. टोकनचे (तो वाचतो-लिहितो त्या मजकुराच्या तुकड्यांचे) पैसे जातात ते वेगळेच. उपाय सांगा. "आधी गिट शिका" असले सल्ले नकोत, उद्या सौदे सुरू व्हायच्या आत बिल्ड द्यायचाय.

मिरज_जंक्शन
विंडोज का लिनक्स? आऊटपुटात नेमकं काय येतंय? चार ओळी डकवा की राव.

पोर्सिलेनप्रेमी
डकवायचं काय त्यात. गिट स्टेटस --शॉर्ट, एका फाईलला एक ओळ. लॉगला (आधीच्या नोंदींची यादी) --वनलाईन -१०. डिफ मागायच्या आधी --स्टॅट, मग लागेल तेवढ्याच फाईलचा डिफ. बदलाच्या वर-खाली गिट तीन-तीन ओळी दाखवतं, -यू१ दिलं की एकेकच. पॅकेज-लॉक (लायब्ररींच्या आवृत्त्यांची आपोआप बनणारी फाईल) असेल तर गिटॲट्रिब्यूट्समध्ये त्याच्यापुढं -डिफ लिहा, हजारो ओळींच्या जागी 'बदलली' एवढंच येतं. हे सगळं एजंट्स डॉट एमडीत (असिस्टंटसाठीच्या सूचनांची फाईल) घालून ठेवा, असिस्टंट तसंच वागतो. बहुतेक वेळा.

कमांडो_कुपवाड
एजंट्स डॉट एमडीचं तो ऐकतोय होय! मी गिटच्या जागी माझीच स्क्रिप्ट बसवलीय. आतून खरं गिट चालवून त्याचं आऊटपुट हेडला (फक्त पहिल्या ओळी दाखवणारी कमांड) पाइप, वीस ओळींच्या पुढं काही जातच नाही. विषय संपला.

पोर्सिलेनप्रेमी
संपला कसा? पाइप केलं की एक्झिट कोड (कमांड जमली की फसली ते सांगणारा आकडा, शून्य म्हणजे जमली) हेडचा मिळतो, गिटचा नाही. पुश (बदल सर्व्हरवर पाठवणं) रिजेक्ट झाला तरी असिस्टंटला शून्यच दिसणार, आणि तो "काम फत्ते" म्हणून पुढं जाणार. पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तर ते कळवणारं सेटिंग) लावलंय का? आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकमेकांवर आदळणं) एकविसाव्या ओळीवर असला तर?

कमांडो_कुपवाड
आमचं चालतंय भावा. तू तुझं बघ.

कोयनाकाठ
पुश होत नसेल तर गिटहबचा पासवर्ड देत असाल. १३ ऑगस्ट २०२१ पासून तिथं पासवर्ड चालत नाही, टोकन (पासवर्डच्या जागी द्यायची किल्ली, एआयचं टोकन वेगळं) काढावं लागतं. सेटिंग्जमध्ये सगळ्यात खाली डेव्हलपर सेटिंग्ज.

यार्डातला_कोडवाला
पासवर्डचं कुणी विचारलंय? विंडोज आहे, गिट बॅश. --शॉर्ट करून बघितलं. ओळी कमी झाल्या, पण एकेक ओळ हात-हातभर. हे बघा:

?? "\३४०\२४४\२७१\३४०\२४४\२६३\३४०\२४४\२४६.पीडीएफ"

ही सगळ्यात छोटी. बाकीच्या याच्या पाच-सहापट, आणि खाली अशीच रांग.

घाटावरची (सातारा)
फाईलींची नावं मराठीत आहेत हे आधी सांगायचं ना! त्या ओळीत फक्त 'हळद' लिहिलंय. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं, आणि गिट प्रत्येक बाइट तिरकी रेघ देऊन अष्टमान आकड्यांत छापतं. म्हणजे एका अक्षराला बारा चिन्हं, 'हळद'ला छत्तीस. काना-मात्रा-वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजायची.

उपाय एका ओळीचा: गिट कॉन्फिग --ग्लोबल कोअर.कोटपाथ फॉल्स

तुमचा असिस्टंट या आकड्यांचं नाव उचलून फाईल उघडायला जातो, मिळत नाही, मग शोधायला लागतो, असं होतंय का? नुसत्या लांबीपेक्षा टोकन त्यातच जास्त जळतात.

यार्डातला_कोडवाला
अगदी तेच होतंय ताई! मला वाटलं त्याला फाईल दिसतच नाहीत. आता केलं, स्टेटसमध्ये सरळ 'हळद' दिसायलंय.

मिरज_जंक्शन
फाईलींना मराठी नावं द्यायचीच कशाला? इंग्रजीत ठेवा, कटकटच नको.

यार्डातला_कोडवाला
पावत्या अडत दुकानातले दिवाणजी शोधतात, मी नाही. त्यांना 'बेदाणा_सौदा' सापडतं. नावं बदलणार नाही.

घाटावरची
कशाला बदलायची? गिटला मराठीचं वावडं नाही, फक्त सेटिंग तसं येतं. पण मला एक कळेना, पावत्यांच्या पीडीएफ रेपोत (गिट सांभाळतं त्या कोडच्या फोल्डरात) काय करतायत?

यार्डातला_कोडवाला
प्रोग्राम तिथंच पावत्या काढतो. नमुना म्हणून एक-दोन कमिट केल्यात (गिटमध्ये नोंदवल्यात), बाकी रोज पडतात तशा पडतात.

कमांडो_कुपवाड
मग -यूएनओ लाव. ट्रॅक नसलेल्या फाईल दिसणारच नाहीत.

घाटावरची
ते नका करू. उद्या असिस्टंट नवी कोडची फाईल बनवेल, ॲड करायची राहील, आणि स्टेटस सगळं स्वच्छ दाखवेल. बिल्ड फुटणार दुसऱ्याच्या मशीनवर. त्यापेक्षा गिटइग्नोरमध्ये (गिटनं दुर्लक्ष करायच्या फाईलींची यादी) पावत्या/*.पीडीएफ लिहा, मराठी नाव तिथंही चालतं. नमुने कमिट झालेत ते मात्र इग्नोरनं जायचे नाहीत. त्यांना गिट आरएम --कॅश्ड. तुमच्या डिस्कवर फाईल राहते, पण दुकानातल्या मशीनवर पुल केलंत (नवे बदल ओढलेत) की तिथून उडेल. आधी कॉपी काढून ठेवा.

कृष्णेचा_गाळ
धागा हळदीचा दिसला म्हणून आलो. राजापुरीला काय भाव चाललाय?

पोर्सिलेनप्रेमी
ॲडव्हाइस.स्टेटसहिंट्स फॉल्स पण करा. "ही कमांड वापरून पूर्ववत करा" असल्या कंसातल्या ओळी जातात. --शॉर्टमध्ये त्या नसतातच, पण असिस्टंट अधूनमधून साधं स्टेटस मारतोच.

यार्डातला_कोडवाला
दोन्ही केलं. स्टेटस पाच ओळींत आलं. डिफचं रात्री बघतो, लॉक फाईल आहेच त्यात. भाव यार्डात येऊन विचारा.

कमांडो_कुपवाड
ते पाइपफेल स्क्रिप्टमध्ये कुठं टाकायचं असतं?

पोर्सिलेनप्रेमी
बॅश असेल तर पहिल्या ओळीच्या लगेच खाली: सेट -ओ पाइपफेल. आणि हेडच्या जागी टेल (शेवटच्या ओळी दाखवणारी) लाव. गिटच्या चुका बहुतेक शेवटी छापल्या जातात.