इर्विन जॅकेटचे माप आणि नाशिकचा पावसाळा

इर्विन जॅकेट, म्हणजे आत लोकर असलेले मेंढीच्या कातड्याचे जॅकेट, छातीच्या मापापेक्षा दोन क्रमांक मोठे घ्यावे, असा सल्ला काही जण देतात. त्याच्याशी मी सहमत नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या वैमानिकांसाठी १९३० च्या दशकात तयार झालेले हे जॅकेट कमरेपर्यंतच आखूड आहे, कारण ते अरुंद कॉकपिटमध्ये बसून वापरायचे होते. म्हणून प्रतिकृती निवडतानाही ती स्वेटरवर चढवून, खुर्चीत बसून आणि चेन गळ्यापर्यंत लावून पाहावी. आतली लोकर वापराने दबते, त्यामुळे सुरुवातीला अंगासरशी वाटणारे जॅकेट पुढे आपोआप मोकळे होते. निफाडच्या थंडीत पहाटे दुचाकीवर निघालात, तर ढगळ जॅकेटच्या कमरेतून शिरणारा वारा लगेच जाणवेल.

खरी काळजी मात्र पावसाळ्यात घ्यावी लागते. पहिल्याच वर्षी मी ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले आणि ऑगस्टमध्ये कॉलरच्या घडीत पांढरी बुरशी दिसली, याचे मला आजही वाईट वाटते. आता ते रुंद खांद्याच्या हँगरवर, जुन्या सुती चादरीखाली, भिंतीपासून दूर टांगतो. भिजलेच तर सावलीत पंख्याखाली वाळवावे. उन्हाने किंवा हीटरने कातडे कडक होते आणि शिवणीजवळ तडकते.